हुलग्याचं माडगं

खोदकामावरच्या चौदा माणसांचा सैपाक माझ्याकडं होता
तेव्हाची गोष्ट.
तेरणा आटलेली.
पांढरीच्या टेकाडावर दोऱ्या ताणून पाडलेले चौकोन,
आणि त्यातल्या एका चौकोनातून
नसीर सरांनी वर काढला
एक कान.
रांजणाचा. खरखरीत, फिकट,
आमच्या तेरच्या मातीचा नव्हे.

"केराबाई, हा इटलीच्या किनाऱ्यावरचा.
गलबतातून भडोचला उतरला,
तिथनं बैलाच्या पाठीवर इथवर.
दोन हजार वर्षं झाली."

मी हात पदराला पुसले, वास घेऊन बघितला.
ढेकळाचाच आला.
"काय असायचं ह्यात?"
"दारू. नाहीतर तेल.
तिथं डोंगर संपला की लगेच समुद्र,
नांगर फिरवायला जागा नाही.
म्हणून उतारावर द्राक्षं, दगडात जैतून,
बाकी जाळ्यात येईल ते.
जागा जशी, तसं ताट."

पटलं मला.
आमची जागा काळी,
उन्हाळ्यात भेगेत हात कोपरापर्यंत जातो.
ढग दिसतो तो लातूरकडं निघून जातो.
म्हणून ज्वारी, नुसत्या दवावर तगणारी,
म्हणून करडई, जिच्या काट्यांना ढोर तोंड लावत नाही.
आणि समुद्र म्हणजे आमच्यासाठी
मिठाचा खडा,
तोही लमाणांच्या बैलांवर घाट चढून यायचा म्हणे,
वाटेत पाऊस गाठला तर अर्धाच.

"आणि मिरची, सर?"
"ती आत्ताची. चार-पाचशे वर्षांची. फिरंग्यांच्या जहाजातली."
"शेंगदाणे?"
"तेही."
"मग हा रांजण आला तेव्हाची बाई
कोरड्यासात घालायची काय?"
"मिरं, पिंपळी," सर म्हणाले,
आणि पुन्हा खड्ड्यात उतरले.

दुसऱ्या दिवशी मी हट्टाला पेटले.
जहाजानं आलेलं काही नको.
मिरची बाजूला, दाणे बाजूला, टमाट्याचं तर नावच नको.
परातीत पीठ घेऊन बसले
तर सर चुलीपाशी येऊन हळूच म्हणाले,
"ज्वारीही आफ्रिकेची, केराबाई.
फार जुनी, पण तिकडचीच. चिंचही."

हात पिठात तसाच राहिला.

मला बहात्तर साल आठवलं.
तेव्हा तर ज्वारी डोळ्यांदेखत जहाजानं आलेली,
लाल मिलो, पोत्यावर परकी अक्षरं.
आई दिवसभर खडी फोडायची
आणि रात्री तिच्या भाकरी थापायची. काठ फुटायचे.
आम्ही तोंडं वाकडी केली की म्हणायची,
लांबनं आलीय गं ती,
तिला कढत पाणी लागतं.

मग ही आपली, पांढरीशुभ्र,
हीसुद्धा कधीतरी अशीच आली असंल, काठ फुटत.
कुणीतरी तिला उकड काढून वळवली असंल,
कुणाच्या तरी पोरांनी ताट सरकवलं असंल.

उरला हुलगा.
"हा मात्र इथलाच," सर म्हणाले.
हुलग्याचं पीठ, पाणी, मीठ,
मीठ तेवढं समुद्राचं, त्याला इलाज नव्हता.
चौदा माणसांनी माडग्याचे दोन-दोन घोट घेतले.
कुणी कुणाकडं बघेना.
मग दत्तोबा गवंडी उठला,
लाकडांमागं मी लपवलेलं खर्ड्याचं वाडगं
बरोबर हुडकून घेऊन आला.
सगळ्यांत आधी हात पुढं केला
नसीर सरांनी.

आता तो कान म्युझियमात आहे, काचेआड.
खाली साल लिहिलंय, गाव लिहिलंय.
बाहेरून तसाच खरखरीत.
आतल्या बाजूनं, बोटं अडकवतात तिथं,
गुळगुळीत झालाय.
ते काही लिहिलेलं नाही.